शिशाची गोळी, गॅसची रायफल आणि माळ्यावरचे खिळे

हे ऐकताना तुम्ही बहुधा गाडीत असाल, आणि गाडी बहुधा दिवा आणि मुंब्र्याच्या मधे उगाच थांबलेली असेल. म्हणजे वेळ आहे. चला.

मागच्या महिन्यात माझ्या मावसभावाचा मेसेज आला. तो कल्याणला असतो, अठरा वर्षांचा आहे, अग्निवीर भरतीची तयारी करतोय. पहाटे पाचला उठून सोळाशे मीटर पळतो आणि बाकीचा दिवस रील बघतो. त्याने पाठवलेल्या रीलमधे एक अमेरिकन काका गॅरेजमधे शिसं वितळवतायत, साच्यात ओततायत, साचा उघडला की टपाटप गोळ्या पडतायत. खाली याचा प्रश्न: "दादा, आजोबांचे खिळे तुमच्या माळ्यावर आहेत ना? त्याच्या अशा गोळ्या बनतील का? आणि एसएलआरमधे चालतील का?"

मी "नाही" एवढंच लिहिलं. त्याने विचारलं, "का?"

आता हा "का" फसवा आहे. मी ऑफिसला जाता जाता उत्तर टाइप करायला लागलो, ठाणे आलं, घाटकोपर आलं, तरी संपेना. म्हणून म्हटलं, रेकॉर्डच करू.

आधी कायद्याचं बोलून घेतो, कारण ते दोन वाक्यांत संपतं. आपल्याकडे १९५९चा शस्त्र कायदा आहे, आणि त्याच्या पाचव्या कलमाप्रमाणे परवान्याशिवाय शस्त्रच काय, दारूगोळाही बनवता येत नाही. २०१९च्या दुरुस्तीनंतर त्याला कमीत कमी सात वर्षांची शिक्षा आहे. आणि ७.६२ची एसएलआर ही सैन्याच्या बोअरची रायफल, सामान्य माणसाच्या परवान्यात बसणारी गोष्टच नव्हे. तेव्हा त्या काकांच्या गॅरेजमधला छंद कल्याणच्या वन बीएचकेत चालत नाही. भरतीच्या पोलीस व्हेरिफिकेशनचं तर मी बोलतच नाही.

पण त्याचा प्रश्न कायद्याचा नव्हता. त्याला "चालेल का" म्हणजे "मशीन चालेल का" विचारायचं होतं. आणि तो प्रश्न चांगला आहे. मलाही तो पडला होता, त्याच्याच वयाचा असताना.

मी कॉलेजला एनसीसीत होतो. ज्यांनी केलंय त्यांना माहितीय, पहिली ओळख पॉइंट टू टूशी होते. पॉइंट टू टू डीलक्स, ईशापूरची, बोल्ट ॲक्शन. जमिनीवर पालथं पडायचं, कोपर रुततात, उस्ताद मागून ओरडतायत, पंचवीस यार्डांवर टार्गेट. एक गोळी झाडली की बोल्ट हाताने उचलून मागे ओढायचा, पुंगळी उडते, बोल्ट पुढे ढकलायचा, पुढची गोळी आत जाते. म्हणजे रायफलचं इंजिन कोण? आपला उजवा हात.

ती गोळी साध्या शिशाची असते. वर काही कवच नाही, वरून मेण किंवा ग्रीससारखं वंगण लावलेलं. वजन साधारण २.६ ग्रॅम. वेग साधारण सेकंदाला ३३० मीटर, म्हणजे आवाजाच्या आसपास. आमच्याकडे ज्या झेरॉक्स नोट्स फिरायच्या त्यात मात्र पॉइंट टू टूचा वेग लिहिला होता सेकंदाला २७०० फूट. परीक्षेत मी तोच पाठ करून लिहिला, मार्कही मिळाले. नंतर कधीतरी लक्षात आलं की २७०० फूट म्हणजे ८२३ मीटर, आणि तो वेग तर एसएलआरच्या गोळीचा. कुणीतरी कधीतरी चुकीच्या ओळीतून कॉपी-पेस्ट केलं, आणि बॅचमागून बॅच तो बग पुढे गेला. कोड रिव्ह्यू नसला की हेच होतं. पण हा बग लक्षात ठेवा, कारण उघड्या शिशाच्या मऊ गोळीला त्या वेगाने पळवलं तर काय होईल, हाच आजचा विषय आहे.

फायरिंग संपलं की एक विधी असतो. सगळ्यांनी लायनीत उभं राहायचं, खिसे उलटे करायचे आणि एकेकाने म्हणायचं की माझ्याकडे जिवंत राउंड किंवा खाली खोखा नाही. पुंगळ्या मोजून घेतात, एक जरी कमी भरली तरी सगळी प्लॅटून गवतात शोधत बसते. मीही म्हटलं. आणि ते अक्षरशः खरं होतं, कारण माझ्या मोज्यात होती ती पुंगळी नव्हती, जिवंत राउंडही नव्हता. टार्गेटमागच्या मातीच्या बांधातून, ज्याला बट म्हणतात, मी एक चपटी झालेली गोळी उकरून घेतली होती. छत्रीसारखी पसरलेली, करड्या रंगाची, नखाएवढी. आठवण म्हणून. आजही ते सांगताना थोडं कसंतरी वाटतं. शब्दशः खरं बोलून फसवता येतं, हे मला एनसीसीत कळलं, आणि हे एनसीसीच्या कुठल्याही सिलॅबसमधे नाही.

घरी आलो तर आजोबा व्हरांड्यात पेपर वाचत बसलेले. आजोबा म्हणजे आईचे वडील, शेवटची काही वर्षं आमच्याकडे डोंबिवलीला होते. ते गिरगावातल्या एका छापखान्यात जुळारी होते. तुमच्यापैकी अनेकांनी हा शब्द ऐकला नसेल. ऑफसेट यायच्या आधी एकेक अक्षर म्हणजे एकेक धातूचा खिळा असायचा. जुळारी डाव्या हातात स्टिक धरून उजव्या हाताने केसमधून खिळे उचलायचा आणि ओळ जुळवायचा, तीही उलटी. क, त्याला काना, त्याला अनुस्वार. आजोबांनी पस्तीस वर्षं हे केलं, डोंबिवलीहून रोज गिरगावला जाऊन.

मी ती गोळी त्यांच्या हातात ठेवली. त्यांनी चष्मा वर केला, गोळी पेपरच्या कोऱ्या कडेवर ओढली. करडी रेघ उमटली. मग अंगठ्याचं नख दाबलं. खूण पडली.

म्हणाले, "कच्चं शिसं आहे. आमच्या खिळ्याला नख लागत नाही."

मग म्हणाले, "खिशात घालून आणलंस?"

मी म्हटलं, "मोज्यात."

"दाणे कुठल्या हाताने खातोयस?"

मी खरोखरच दाणे खात होतो. त्यांनी ते काढून घेतले आणि मला बेसिनकडे पाठवलं. आजी सांगायची की ते छापखान्यातून आले की चहाच्या आधी कोपरापर्यंत हात धुवायचे, आणि कामावर डबा उघडायच्या आधीसुद्धा. कुणी शिकवलं होतं म्हणून नाही, जुने जुळारी तसं करायचे म्हणून.

आता खिळ्याला नख का लागत नाही, ते बघू. नुसतं शिसं मऊ असतं, ३२७ अंशांना वितळतं. त्यात अँटिमनी आणि कथील मिसळलं की मिश्रधातू कडक होतो, आणि अँटिमनीमुळे थंड होताना आकसतोही कमी, म्हणून साच्यातल्या अक्षराच्या कडा धारदार उतरतात. रफाराची बारीक शेपटीसुद्धा तुटत नाही. म्हणजे छापखान्याचा खिळा आणि साच्यातली गोळी हे चुलतभाऊच. दोन्ही ओतीव शिसं, फक्त एकाने पुस्तक छापायचं. आणि माझ्या भावाने हे न कळत बरोबर हेरलं होतं: अमेरिकेत छंद म्हणून गोळ्या ओतणाऱ्या मंडळींना जुना छापखान्याचा धातू आवडतो, कारण तो कडक असतो. पोराचं डोकं चालतं. चुकीच्या ठिकाणी चालतं, पण चालतं.

मग कडक असूनही अडचण काय? त्यासाठी एसएलआरकडे जाऊ.

ती मी पहिल्यांदा हातात घेतली सैन्याच्या तळावरच्या कॅम्पमधे. एसएलआर म्हणजे सेल्फ लोडिंग रायफल. बेल्जियमच्या एफएएलवरून आपण बनवलेली, १९६२च्या चीन युद्धानंतर सैन्यात आलेली, ईशापूरचीच. वजनदार, लांब, वीस गोळ्यांचं मॅगझिन. पहिली गोळी झाडली आणि मी सवयीने उजवा हात बोल्टकडे नेला. उस्ताद हसले. म्हणाले, "अरे, ये खुद करेगी." पुंगळी केव्हाच उडून गेली होती आणि पुढची गोळी आत जाऊन बसलेली होती.

हे "खुद" कसं होतं? दारू जळली की गॅस तयार होतो, तो गोळीला नळीतून ढकलत नेतो. नळीला वरच्या बाजूने एक बारीक भोक असतं, गॅस पोर्ट. गोळी त्या भोकापुढून गेली की मागचा थोडा गॅस त्यातून वर सिलिंडरमधे शिरतो, तिथल्या पिस्टनला धक्का देतो, पिस्टन मागच्या पुर्ज्यांना ढकलतो, ब्रीच उघडते, पुंगळी बाहेर, स्प्रिंग सगळं परत पुढे आणते, नवी गोळी आत. गोळी भोक ओलांडते तिथपासून नळीबाहेर पडते तिथपर्यंतच गॅसचा जोर असतो, आणि तो वेळ एका सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी. तेवढ्या चिमूटभर वेळात आणि चिमूटभर गॅसवर अख्खं मशीन चालतं.

म्हणजे इथे इंजिन कोण? गोळीमागचा गॅस. बोल्ट ॲक्शनमधे गोळीचं काम एकच, जाऊन लागणं. गॅसवाल्या रायफलमधे गोळीला दोन कामं आहेत. एक, जाऊन लागणं. दोन, जाता जाता पुढच्या गोळीची सोय करून जाणं. आणि मऊ शिसं पहिलं काम नीट करतं, दुसऱ्यात घोळ घालतं.

कसं? एकेक बघू.

एसएलआरची गोळी साडेनऊ ग्रॅमच्या आसपास, वेग ८२३ मीटर. पॉइंट टू टूशी तुलना केली तर ऊर्जा वीसपटीहून जास्त. एवढा जोर लावायचा तर मागचा गॅस प्रचंड दाबाचा आणि तापलेला लागतो. नळीच्या आत पिळदार खाचा असतात, गोळीने त्यात घट्ट बसून फिरत जायचं असतं. मऊ गोळी त्या खाचा नीट धरत नाही, कडेने गॅस निसटतो, निसटता निसटता शिसं कापत जातो, आणि ते शिसं नळीला लिंपलं जातं. दहा-वीस गोळ्यांत नेम बिघडतो. हे झालं कुठल्याही रायफलचं.

गॅसवाल्या रायफलचा खास त्रास पुढे आहे. नळीत ते भोक आहे ना, त्याला कड असते. शिशाची गोळी दाबाखाली फुगून त्या कडेवरून घासत जाते. किसणीवर खोबरं घासल्यासारखं. शिशाचा बारीक कीस, गोळीला लावलेल्या वंगणाची काजळी आणि दारूची राख, हे सगळं भोकात आणि पुढे सिलिंडरमधे जाऊन बसतं. भोक बारीक झालं की गॅस कमी. गॅस कमी की पिस्टन अर्ध्यातून परत. पुंगळी निघते ना निघते, किंवा निघते पण पुढची गोळी उचलली जात नाही. रोक.

आणि ही रोक कधी येईल ते सांगता येत नाही. पहिल्या गोळीला सगळं सुरळीत, अकराव्यालाही, चौदाव्याला अडकली. आमच्या धंद्यात याला मेमरी लीक म्हणतात. डेमोला चालतं, प्रॉडक्शनमधे रात्री दोनला पडतं.

एसएलआरला यासाठी एक सोय आहे, गॅस रेग्युलेटर. कडं फिरवून किती गॅस बाहेर सोडून द्यायचा आणि किती पिस्टनला द्यायचा, ते ठरवता येतं. रायफल मळली की कडं थोडं बंद करायचं, पिस्टनला जास्त गॅस मिळतो. आम्ही उस्तादांना विचारलं होतं, मग साफ कशाला करायची, कडंच फिरवू. त्यावर त्यांनी जे म्हटलं ते या पॉडकास्टवर सांगण्यासारखं नाही. पण मतितार्थ असा की कडं फिरवायला जागा उरली पाहिजे. त्या संध्याकाळी आम्ही फुलथ्रू आणि चिंदी घेऊन जेवणाची शिट्टी होईपर्यंत नळ्या घासत होतो, आणि गॅस सिलिंडर उघडल्यावर काळी काजळी निघाली ती कवच असलेल्या गोळ्यांची होती. शिसं असतं तर काय, कल्पना करा.

बरं मग, हळू पळवू गोळी? कमी दारू घालू, शिसं लिंपलं जाणार नाही? हा तर्क पॉइंट टू टूत चालतो. इथे नाही, कारण पिस्टन त्याच गॅसवर आहे. गोळी भोकापाशी पोचते तेव्हा मागे किती दाब उरलाय, यावर मशीन जुळवलेलं असतं. दाब कमी, तर पुर्जे मागे जाणार नाहीत. दाब जास्त वेळ टिकला, तर ते वेळेआधी आणि जोरात मागे जातील, पुर्जे झिजतील. गोळी बदलली की दारू बदलते, दारू बदलली की गॅस बदलतो, गॅस बदलला की टायमिंग. एक लायब्ररी अपडेट करायला गेलात आणि बिल्डच तुटलं, तसं. शिवाय ब्रीच पुढे येते तीही दणका देत. गोळीचं नाक उतरत्या कडेवर आपटून आत सरकतं. मऊ शिशाचं नाक तिथेच चेपतं.

त्या रीलमधल्या काकांना हे सगळं माहीत असतं. ते कडक मिश्रधातू घेतात, गोळीच्या बुडाला तांब्याची छोटी वाटी बसवतात, वेग एका अरुंद पट्ट्यात ठेवतात आणि दर थोड्या वेळाने गॅसचा भाग उघडून साफ करतात. तेव्हा "चालतं का" याचं प्रामाणिक उत्तर "चालवता येतं, पण माणूस मशीनच्या मागे नोकरासारखा राबतो" असं आहे. रविवारच्या छंदाला ठीक. ज्याला सीमेवर उभं राहायचंय त्याच्या रायफलला अजिबात नाही. भावाला मी एवढंच म्हटलं असतं तरी पुरलं असतं, पण मला थांबता येत नाही, हे नेहमीच्या ऐकणाऱ्यांना माहितीय.

इथे एक शंका येईल. पॉइंट टू टूमधेही सेमी-ऑटोमॅटिक असतात, आणि त्यात उघडं शिसंच असतं. मग? त्यातल्या बहुतेकांना गॅसचं भोकच नसतं. गोळी लहान, जोर लहान, म्हणून पुंगळी मागे ढकलली जाते तोच धक्का ब्रीच उघडायला पुरतो. भोक नाही, पिस्टन नाही, किसणी नाही. गाठ शिशाची आणि भोकाची आहे.

आता शिशावर कवच आलं कधी? १८८०च्या दशकात. स्वित्झर्लंडमधे एडुआर्ड रुबिनने १८८२मधे तांब्याचं कवच असलेली गोळी काढली, आणि १८८४मधे फ्रान्समधे पॉल व्हिएलने धूर न करणारी दारू बनवली. ही नवी दारू इतकी जोरकस की उघड्या शिशाचा टिकाव लागेना, आणि कवचाला काम मिळालं. गॅसवर चालणाऱ्या रायफली त्याच्या नंतरच्या. म्हणजे मशीनचं डिझाइनच कवच गृहीत धरून झालंय. आजही गोळीच्या आत बहुधा शिसंच असतं, वर गिल्डिंग मेटलची पातळ कातडी, साधारण नव्वद टक्के तांबं आणि बाकी जस्त.

कवचाचं दुसरं कारण यंत्राचं नाही, माणुसकीचं आहे, आणि ते आपल्या देशातून निघालं. कोलकात्याजवळच्या दमदमला १८९०च्या दशकात कॅप्टन बर्टी-क्ले नावाच्या अधिकाऱ्याने कवचाचं टोक उघडं ठेवलेली गोळी बनवली. टोकाचं मऊ शिसं शरीरात शिरल्यावर फुलतं आणि जखम भयंकर होते. माझ्या मोज्यातल्या छत्रीसारखं, पण मातीत नाही, माणसात. वायव्य सरहद्दीवरच्या लोकांवर ती वापरली गेली. १८९९च्या हेगच्या परिषदेत फुलणाऱ्या गोळ्यांवर बंदीचा जाहीरनामा झाला आणि दमदम हे गावाचं नाव जगभर गोळीचं नाव झालं. तर सैन्याच्या गोळीचं शिसं झाकलेलं असतं ते नळीसाठीही आणि या कारणासाठीही.

आणि दमदम काही तेवढं लांब नाही. कल्याणहून कर्जत गाडी पकडली की अंबरनाथ येतं, तिथला आयुध कारखाना तुम्ही बाहेरून तरी पाहिला असेल. पितळ आणि अशाच बिगर-लोखंडी धातूंचं काम करणारा कारखाना. २०२१मधे सगळ्या आयुध कारखान्यांच्या सात सरकारी कंपन्या झाल्या, तेव्हा अंबरनाथ आणि दमदम दोन्ही यंत्र इंडिया लिमिटेड या एकाच कंपनीत गेले. प्रत्यक्ष राउंड बनवणारे खडकी आणि वरणगाव म्युनिशन्स इंडियामधे, तिचं मुख्यालय पुण्यात. खडकीचा कारखाना १८६९पासूनचा. म्हणजे भरती झालास तर तुझ्या मॅगझिनमधली गोळी महाराष्ट्रातून आलेली असू शकते, रे बाबा, माळ्यावरून यायची गरज नाही.

वंगणाचं एक राहिलंच. उघड्या शिशाला वंगण लागतं म्हटलं ना? १८५७ची काडतुसं आठवा. एन्फिल्डची गोळी शिशाची, कागदात गुंडाळलेली, आणि नळीत नीट सरकावी म्हणून कागदाला चरबी. दाताने तोडायचं काडतूस आणि त्यावर कुठल्या प्राण्याची चरबी, यावरून काय झालं ते शाळेत शिकलोय. शिसं मऊ नसतं, तर चरबी लागली नसती. उठाव त्याने टळला असता असं मी म्हणत नाही, कारणं पुष्कळ होती. पण ठिणगी वंगणाची होती. काडतूस हा शब्दही पोर्तुगीज आहे, आणि ठाण्याचा आजचा तुरुंग म्हणजे पोर्तुगिजांनी बांधायला घेतलेला किल्ला, तेव्हा शब्द इकडच्याच खाडीतून आला असेल असं मला आपलं वाटतं.

उघड्या शिशाला अजून मान आहे, पण नेमबाजीत. १ ऑगस्ट २०२४ला पॅरिसला स्वप्नील कुसाळेने पन्नास मीटर थ्री पोझिशनमधे ब्राँझ घेतलं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा, आणि तेव्हा आपल्या सेंट्रल रेल्वेत तिकीट तपासनीस होता. गाडी रोज लेट करणाऱ्यांबद्दल मला एक दिवस अभिमान वाटला तो हाच. त्या खेळात गोळी पॉइंट टू टूची, आणि नियमच असा की ती शिशाची किंवा तशाच मऊ धातूची हवी. हाताने एकेक भरायची. तिथे गॅसचं भोक नाही, घाई नाही, म्हणून शिसं राजा.

आता शेवटचा भाग, आणि भावाचा मेसेज वाचून मी पहिल्यांदा घाबरलो तो यासाठी. कायदा, रोक, हे नंतर. आधी मला त्यांचं घर दिसलं. स्वयंपाकघराच्या ओट्यावर गॅसची शेगडी, एकच खिडकी, आणि मावशीची दोन वर्षांची नात रांगत-धावत फिरतेय. हा पठ्ठ्या तिथे कढईत शिसं वितळवणार. शिशाची वाफ आणि धूळ दिसत नाही, वास येत नाही. लादीवर बसते, पोर लादीवरचा हात तोंडात घालतं. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की रक्तात शिशाची सुरक्षित अशी कुठलीही पातळी माहीत नाही, आणि लहान मुलांच्या मेंदूला त्याचा सगळ्यात जास्त धोका. पेट्रोलमधलं शिसं २०००मधे आपण देशभर बंद केलं ते त्यासाठीच. कवच असलेल्या गोळीतही ते पुरतं झाकलेलं नसतं, बऱ्याच गोळ्यांचं बूड उघडं असतं आणि टोपीतल्या ठिणगीच्या मसाल्यात शिशाचं संयुग असतं. म्हणून रेंजवरून आल्यावर आधी हात, मग डबा. हे मला उस्तादांनी नाही, आजोबांनी शिकवलं.

आणि हो, शिसपेन्सिलीत शिसं नसतं, ग्रॅफाइट असतं. दर वेळी कुणीतरी विचारतं.

मेसेजला उत्तर म्हणून मी त्याला रविवारी घरी बोलावलं. माळ्यावरून खिळ्यांचा खोका काढला. छापखाना बंद झाला तेव्हा बाकीचे सगळे खिळे किलोच्या भावाने भंगारात गेले, वितळायलाच गेले. आजोबांनी हा एक खोका मागून आणला होता. जड इतका की दोघांनी मिळून उतरवला. मी हातमोजे दिले, त्याने आधी नाटकं केली, मग घातले. एक खिळा घेऊन नख लावून बघ म्हटलं, तर मोज्यातून कसं लावणार म्हणाला. बरोबर होतं. स्क्रूड्रायव्हरने ओरखडा काढून बघितला, आणि शेजारी ती माझी चपटी गोळी ठेवून तिच्यावरही काढला. फरक त्याला लगेच कळला.

मग मोज्यातली गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "दादा, म्हणजे तू खोटं बोललास." मी म्हटलं, शब्द खरे होते. तो काही बोलला नाही, नुसतं बघितलं. अग्निवीरवाले फार कडक असतात.

नंतर आम्ही त्याचं नाव जुळवायला बसलो. आजोबांची स्टिक गंजलीय, पण चालते. सगळी अक्षरं मिळाली, एक काना सापडेना. अर्धा तास शोधला. शेवटी तुटक्या दंडाचा एक मिळाला, तो लावला, शाईच्या पॅडवर दाबून वहीत उमटवलं. नाव उलटं जुळवायचं हे विसरलो होतो, त्यामुळे वहीत अक्षरं उलट्या क्रमाने आली. त्याने फोटो काढून स्टेटसला टाकला. मग दोघांनी साबणाने हात धुतले, आणि आईने पोहे दिले.

ती गोळी आता एका झाकणाच्या डबीत आहे. रेंजवर परत नेऊन टाकावी असं वाटतं, पण तिथले उस्ताद विचारतील, इतकी वर्षं कुठे होती.

पुढच्या भागात दुर्गाडीबद्दल बोलायचंय. प्रश्न पाठवा, व्हॉइस नोट तीस सेकंदांच्या आत ठेवा. गाडी सुरू झाली असेल आता.